दुसऱ्याच्या छपराखाली

हे सावकाश वाचायचं आहे. हातातलं काम बाजूला ठेवा, पाठ टेकवा आणि नजर आधी जमिनीकडे आणा.

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या दक्षिणेला, मोटारीने तासाभराच्या अंतरावर, सॅन बेनिटो नावाची एक छोटी काउंटी आहे. तिथल्या सॅन ह्वान बाउतिस्ता या गावात १७९७ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मिशन स्थापन केलं. मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. शेती, गुरं, कोठारं, कारखाना आणि धर्मांतरित मूळ रहिवाशांची वस्ती, असा तो सगळा संसार. इथलं चर्च १८०३ ते १८१२ या काळात बांधलं गेलं. आत शिरणाऱ्याची नजर आपोआप समोर जाते, वेदीमागच्या रंगवलेल्या भिंतीकडे. ती भिंत १८१८ मध्ये टॉमस डोक नावाच्या बोस्टनच्या खलाशाने रंगवली. तो जहाज सोडून इथे राहिला होता आणि रंगकामाचा मोबदला म्हणून त्याने जेवण आणि राहायला जागा घेतली. त्याचं नाव आजही प्रत्येक वाटाड्या सांगतो.

आपण मात्र खालीच बघू. तांबूस मातीच्या फरशा आहेत, पायांनी झिजलेल्या. त्यांतल्या काहींवर प्राण्यांच्या पंजांचे ठसे आहेत. ओल्या फरशा अंगणात वाळत घातल्या होत्या, त्यांवरून कुठलंसं जनावर चालत गेलं आणि फरशा तशाच पक्क्या झाल्या. दोनशे वर्षं झाली, ते जनावर अजून चालतं आहे.

एका ठशापाशी थांबा. पंजा किती खोल रुतला आहे बघा. माती नेमकी किती ओली होती, ते त्यावरून कळतं. म्हणजे ती फरशी थापून फार वेळ झाला नव्हता. कुणीतरी दुपारभर उकिडवं बसून साच्यात चिखल दाबला असेल, वरून हात फिरवून तो गुळगुळीत केला असेल आणि फरशी रांगेत मांडली असेल. त्या माणसाचा ठसा मात्र सापडत नाही. चांगला कारागीर आपल्या बोटांच्या खुणा शेवटच्या हाताने पुसून टाकतो. जनावराला तेवढं कसब नव्हतं, म्हणून ते राहिलं.

तो कारागीर मुत्सुन होता. या खोऱ्यात हे लोक स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. ओकची फळं दळून त्यांचं पीठ करणारे, बुरूडकामात निष्णात, गवताळ रानाला ठरावीक काळाने आग लावून ते ताजं ठेवणारे. आज गाव आहे त्या जागेला ते पोपेलुचुम म्हणत. मिशनमध्ये एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय बाहेर राहता येत नसे. पळालेल्यांना सैनिक धरून आणत. गोवर आणि इतर साथी आल्या. दाटीवाटीच्या वस्तीत मुलं आधी गेली. चर्चच्या उत्तरेला, भिंतीला लागून जी दफनभूमी आहे, तिथे चार हजारांहून अधिक मूळ रहिवासी पुरलेले आहेत.

चार हजार हा आकडा मनात लगेच बसत नाही. बसवण्याचा प्रयत्नही नको. त्याऐवजी एकच माणूस घ्या, फरशी थापणारा. त्याला तिथेच, भिंतीपलीकडे असू द्या. पुढे जे सांगायचं आहे ते तो तिथे आहे हे धरून ऐकायचं आहे.

आता एक कुटुंब.

पॅट्रिक ब्रीन आणि त्याची बायको मार्गारेट, दोघं आयर्लंडचे. आयोवात शेती करत होते. १८४६ च्या वसंतात सात मुलांना घेऊन बैलगाड्यांनी ते पश्चिमेला निघाले. थोरला जॉन चौदा वर्षांचा, सर्वांत धाकटी इझाबेला, तान्ही. ज्या तांड्यात ते सामील झाले तो पुढे डॉनर पार्टी या नावाने कुप्रसिद्ध झाला. जवळचा म्हणून घेतलेल्या रस्त्याने आठवडे खाल्ले, सिएरा नेवादा डोंगररांगेतल्या खिंडीपाशी पोचेपर्यंत बर्फ पडू लागलं आणि वाट बंद झाली.

तिथे तळ्याकाठी एक लाकडी खोपट उभं होतं. दोन वर्षांपूर्वी, १८४४ मध्ये, आधीच्या एका तांड्यातल्यांनी ते बांधलं होतं आणि सोडून दिलं होतं. ब्रीन कुटुंब त्यात शिरलं. हे लक्षात असू द्या. कॅलिफोर्नियात या कुटुंबाच्या डोक्यावर आलेलं पहिलं छप्पर दुसऱ्याचं होतं.

२० नोव्हेंबर १८४६ पासून पॅट्रिक ब्रीनने रोजनिशी लिहायला घेतली. ती १ मार्च १८४७ पर्यंत चालते आणि आज बर्कलीच्या बॅंक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. त्या तळावर त्या-त्या दिवशी लिहिलेलं असं तेवढंच हाती लागतं, बाकी सगळं नंतरच्या आठवणींवर विसंबलेलं. उपासमारीची वर्णनं शोधायला जाणाऱ्यांची तिथे निराशा होते. तो आधी हवा लिहितो. बर्फ किती, वारा कुठून, ऊन पडलं की नाही. मग सरपण. लाकूड तोडायची ताकद कुणात उरली नाही, हे तो जवळजवळ हिशेब लिहावा तसं लिहितो. गुरांची कातडी उकळून त्याची खळ खायचे दिवस आले, तेही त्याच सुरात. मधूनच प्रार्थना. मला या रोजनिशीतला कोरडेपणा फार विश्वासाचा वाटतो. ज्याला उद्या सकाळी पुन्हा उठून सरपण शोधायचं आहे तो माणूस विशेषणं खर्च करत नाही.

मार्चच्या सुरुवातीला बचावपथकाबरोबर निघालेले ब्रीन वाटेत वादळात अडकले. दोन मुलगे आधीच्या पथकाबरोबर सुखरूप खाली गेले होते. उरलेले सात जण इथे होते. पथकातली धडधाकट माणसं मदत आणायला पुढे गेली आणि चौदा जण बर्फात मागे राहिले. त्यांनी पेटवलेली आग बर्फ वितळवत खाली खाली गेली. काही दिवसांनी ती एका खोल विहिरीसारख्या खड्ड्याच्या तळाशी जळत होती आणि माणसं काठावरून तिची ऊब शोधत होती. मग तीही खड्ड्यात उतरली. मार्गारेटजवळ थोडी साखर आणि थोडा चहा होता. तान्हीच्या ओठांना ती साखर लावत राहिली. तीन जण तिथे मेले. पुढे आलेल्या बचावपथकाने सांगितलं त्याप्रमाणे, जगलेल्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं होतं.

इथे मन मागे सरतं. सरू द्या, जबरदस्तीने ओढून आणू नका. त्या खड्ड्याच्या काठावर न्यायनिवाडा करायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही.

अकरा जण जिवंत सापडले. चालण्याचं त्राण बहुतेकांत नव्हतं. आलेल्यांपैकी दोघांनी एकेक मूल उचललं आणि ते निघाले. राहिलेल्या नवांना तिथेच सोडावं, जमलं तर पुन्हा यावं, असाही विचार झाला. जॉन स्टार्क नावाच्या एका आडदांड माणसाने ते ऐकलं नाही. तो दोन मुलांना थोडं अंतर पुढे नेऊन ठेवी, परत येई, पुढच्या दोघांना नेई. मोठ्यांना हाताला धरून चालवी. नवांचे नऊ जण खाली पोचले. त्यांत सात ब्रीन होते.

स्टार्कची ती ये-जा थोडा वेळ डोळ्यांपुढे ठेवा. एक फर्लांग पुढे, तेवढंच मागे, पुन्हा पुढे. मोठेपणा म्हणून जे आपण ऐकतो ते बहुधा एका झेपेत घडलेलं असतं. हे तसं नाही, यात कंटाळा आहे, पाय दुखणं आहे. दहाव्यांदा मागे वळताना त्याला काय वाटलं असेल? विचारून बघा आणि उत्तराची वाट बघू नका.

सत्त्याऐंशी माणसांच्या त्या तांड्यातली जवळजवळ निम्मी दगावली. ब्रीन नऊच्या नऊ वाचले. आणि १८४८ च्या सुरुवातीला, खिशात दमडी नसताना, ते सॅन ह्वान बाउतिस्तात आले. इथे स्थायिक झालेलं हे पहिलं इंग्रजी बोलणारं कुटुंब. आधी मिशनच्या आवारात आसरा मिळाला. मग चौकातल्या एका मोठ्या दुमजली मातीच्या घरात त्यांना राहायला दिलं गेलं. ते घर १८४० च्या सुमाराचं, होसे कास्त्रोचं.

आता या नावावर थोडं रेंगाळू. कास्त्रो हा मेक्सिकन कॅलिफोर्नियाचा सेनापती. १८४६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचा कॅप्टन फ्रीमॉन्ट जवळच्याच डोंगरावर झेंडा रोवून बसला, तेव्हा त्याला हुसकावायला कास्त्रोने याच गावात माणसं जमवली होती. त्याच वर्षी युद्ध पेटलं, कास्त्रोची बाजू हरली, त्याला मेक्सिकोत पळावं लागलं. दोन वर्षांनी त्याचा मुलूख अमेरिकेचा झाला होता. आणि त्याच्या घरात, जिंकलेल्यांच्या भाषेत बोलणारं, बर्फातून उठून आलेलं एक भणंग कुटुंब राहत होतं. भाडं न देता.

का दिलं असेल घर? धर्म एक होता, दोघंही कॅथलिक. मुलं सात होती. घर रिकामं पडून होतं. एवढी कारणं पुरेशी असावीत. मला तरी इथे मोठं तत्त्वज्ञान शोधावंसं वाटत नाही. दाराशी माणूस उभा राहिला की आधी त्याला आत घ्यायचं, चौकशी मागाहून, ही रीत असलेल्या घरांत आपल्यापैकी बरेच जण वाढले आहेत.

त्याच वर्षी, १८४८ मध्ये, सोनं सापडलं. सोळा वर्षांचा जॉन खाणीकडे गेला आणि दहा-बारा हजार डॉलरचं सोनं घेऊन परतला. घरादाराने खाणींकडे जाणाऱ्या वाटसरूंसाठी खानावळ आणि मुक्कामाची सोय केली होतीच. पुढे १८५४ मध्ये ब्रीनांनी तेच घर आणि सुमारे चारशे एकर जमीन विकत घेतली. कुटुंबाकडे ते घर तीन पिढ्या राहिलं. आज ते राज्य उद्यानाचा भाग आहे, कास्त्रो-ब्रीन या जोडनावाने.

कथा इथेच संपवली तर गोड होते. बऱ्याच पायोनियर कथा इथेच संपवतात. दुःख भोगलं, कष्ट केले, फळ मिळालं. पण भिंतीपलीकडे आपण एका माणसाला ठेवून आलो आहोत.

मिशनची जमीन कुणाची होती? मेक्सिको सरकारने १८३० च्या दशकात मिशनं मोडीत काढली तेव्हा कागदावर असं होतं की जमिनीचा आणि गुरांचा मोठा हिस्सा तिथे राबलेल्या मूळ रहिवाशांना मिळेल. प्रत्यक्षात बहुतेक जमीन वजनदार कुटुंबांच्या राँचोंत, म्हणजे मोठ्या जहागिरींत, गेली. मिशनचा कारभार पाहायला नेमलेला प्रशासक कास्त्रोचाच बाप होता आणि ते दुमजली घर सरकारी कारभारासाठी उभं राहिलं. मग अमेरिका आली. १८५१ च्या कायद्याने राँचोवाल्यांना आपली मालकी आयोगापुढे आणि कोर्टात सिद्ध करायला लावली आणि वकिलांची बिलं भरता भरता कित्येकांच्या जमिनी गेल्या. मूळ रहिवाशांसाठी तर वेगळाच कायदा होता. १८५० साली कॅलिफोर्नियाच्या पहिल्याच विधिमंडळाने तो केला, नावात ‘संरक्षण’ हा शब्द घालून. त्या कायद्याने रिकामा फिरणारा ठरवलेल्या मूळ रहिवाशाची मजुरी लिलावात विकता येई आणि त्यांची मुलं गोऱ्या घरांत वर्षानुवर्षं बांधून ठेवता येत. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्याशी अठरा करार झाले. अमेरिकेच्या सिनेटने ते मंजूर केले नाहीत, आणि १९०५ पर्यंत ते गुप्त ठेवले.

आता दोन्ही गोष्टी एकदम मनात धरून बघा. एका तळहातावर मार्गारेट, तान्हीच्या ओठांना साखर लावणारी. दुसऱ्यावर फरशी थापणारा माणूस. एक उचलला की दुसरा खाली टाकायचा मोह होतो. मार्गारेटचं सोसणं मोठं म्हणून त्याचं विसरायचं, किंवा त्याची जमीन गेली म्हणून तिच्यावर खापर फोडायचं. तिने कुणाची जमीन हिसकावली नाही. ती एका रिकाम्या घरात राहायला आली, आणि ते घर ज्या जमिनीवर होतं ती जमीन आधीच दोनदा रिकामी केली गेली होती. वाचलेल्या कुटुंबाला नेहमी कुणीतरी जागा करून देतं. ती जागा कुणी आपण होऊन दिली आणि कुणाकडून काढून घेतली, हे वेगवेगळं विचारावं लागतं. हात अवघडले तर अवघडू द्या. थोडा वेळ दोन्ही उघडेच ठेवा.

मधली वर्षं भरभर ओलांडू. १८५३ मध्ये मध्य-पश्चिमेकडून हजारो मेंढ्या हाकत निघालेले फ्लिंट बंधू, बिक्सबी आणि तसाच आलेला डब्ल्यू. डब्ल्यू. हॉलिस्टर यांनी सॅन हुस्तोचा राँचो घेतला. १८६८ मध्ये हॉलिस्टरने आपला भाग पन्नास शेतकऱ्यांच्या एका मंडळीला चार लाख डॉलरला विकला. त्यांनी शेतं वाटून घेतली, मधोमध गाव आखलं. गावाला सॅन हुस्तो म्हणावं असं ठरत होतं, तेव्हा एकाने हरकत घेतली म्हणतात की कॅलिफोर्नियातली गावं संतांच्या नावांनी भरली आहेत, एक तरी बिनसंताचं असू द्या. गाव हॉलिस्टर झालं. रेल्वे तिकडे गेली. सॅन ह्वानच्या चौकातल्या हॉटेलवाल्याने आपल्या गावाला न्यायालय मिळेल या आशेने मोठी इमारत उठवली होती. १८७४ मध्ये सॅन बेनिटो काउंटी वेगळी झाली तेव्हा मुख्य ठाणं हॉलिस्टरला गेलं. सॅन ह्वान मागे पडलं आणि म्हणूनच शाबूत राहिलं. त्या पन्नासांतल्या टी. एस. हॉकिन्स यांची लहानगी नात हेझल आजाराने गेली. तिच्या नावाने त्यांनी हॉलिस्टरला रुग्णालय उभं केलं. काउंटीतलं रुग्णालय अजून त्याच मुलीच्या नावाने ओळखलं जातं.

१९०६ च्या भूकंपात मिशनच्या चर्चच्या बाजूच्या भिंती कोसळल्या. कोसळायच्याच होत्या, कारण सॅन अँड्रियास भ्रंश अगदी खेटून, दफनभूमीच्या खालच्या उतारावरून जातो.

आता शेवटच्या दोन बायकांकडे येऊ. इथे पुन्हा गती कमी करा.

एक इझाबेला ब्रीन. बर्फात तान्ही होती ती. तिचं लग्न झालं, संसार झाला, आणि १९३५ साली ती हॉलिस्टरला वारली. डॉनर पार्टीतून वाचलेल्यांपैकी ती शेवटची. तिला त्या हिवाळ्यातलं काहीही आठवत असणं शक्य नव्हतं. तरी आयुष्यभर लोक तिच्याकडे त्या हिवाळ्याची साक्षीदार म्हणून बघत राहिले असणार.

दुसरी आसेन्सियोन सोलोर्सानो. मुत्सुन. शेजारच्या गिलरॉयमध्ये ती गोरगरिबांना औषधपाणी करत असे, पैसे न घेता. मुत्सुन भाषा ओघाने बोलू शकणारी ती शेवटची व्यक्ती होती. कर्करोगाने आजारी पडल्यावर ती मॉन्टरेला मुलीकडे राहायला गेली. १९२९ मध्ये जे. पी. हॅरिंग्टन हा स्मिथसोनियनचा भाषाभ्यासक तिच्या खाटेशी येऊन बसला. तो विचारत गेला, ती सांगत गेली. झाडांची नावं, औषधं, गाणी, माणसं, शिव्यासुद्धा असतील. दुखणं वाढत होतं आणि ती सांगतच होती, कारण तिच्यानंतर सांगणारं कुणी नव्हतं हे तिला ठाऊक होतं. १९३० च्या सुरुवातीला ती गेली. तिला सॅन ह्वान बाउतिस्ताच्या त्याच दफनभूमीत, भिंतीपलीकडे, आपल्या माणसांत ठेवलं.

हॅरिंग्टनची टिपणं हजारो पानांची आहेत. त्यांवरून आणि एका जुन्या पाद्र्याने केलेल्या नोंदींवरून मुत्सुन वंशजांनी भाषातज्ज्ञांसोबत शब्दकोश तयार केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मंडळी ती भाषा पुन्हा शिकत आहेत.

एका खोऱ्यातल्या या दोन म्हाताऱ्या. एकीपाशी आठवण नव्हती, तरी जगाने तिला विचारलं. दुसरीपाशी अख्खी भाषा होती, आणि विचारायला एकच माणूस आला, तोही अगदी शेवटी. पायोनियर कुटुंबांच्या इतिहासात खरी उणीव कुठे आहे, ते मला इथे दिसतं. ब्रीनांची गोष्ट खोटी नाही, फुगवलेलीही नाही. फक्त तिच्याइतकाच वेळ दुसऱ्या गोष्टीला दिला गेला नाही.

बे एरियात आता मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. नवी घरं स्वस्त पडतात म्हणून हॉलिस्टरला राहून रोज सिलिकॉन व्हॅलीत नोकरीला जाणारेही खूप आहेत. भारतातून पाहुणे आले की शनिवारी कुठे न्यायचं हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. सॅन ह्वान बाउतिस्ताला न्या. कास्त्रो-ब्रीन घर जरूर दाखवा, मुलांना जॉन स्टार्कची गोष्ट सांगा. चर्चमध्ये त्यांना पंजे शोधायला लावा. आणि मग चहा-कॉफीकडे वळण्याआधी उत्तरेच्या भिंतीला वळसा घालून दफनभूमीत जा, ऑलिव्हच्या झाडांपाशी, आणि ब्रीनांच्या घरात जितका वेळ घालवला तितकाच इथेही घालवा. पाहुण्यांनी इथले मूळ लोक आता कुठे आहेत असं विचारलं तर ‘संपले’ असं सांगू नका. ते आहेत. अमाह मुत्सुन या नावाने संघटित आहेत, आपल्या जुन्या जागा राखायला झगडत आहेत, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना जमात म्हणून अजून मान्यता दिलेली नाही.